खिडकीतलं ताट

"नहीं, नहीं. तुम उधर."

बी तिमा एवढंच म्हणाली आणि मी अर्धी वाकलेली तशीच थांबले. म्हणजे बघा, एक पाय चटईवर, एक बाहेर, हात नुकता धुतलेला, पाणी निथळतंय. चटईच्या मधोमध ही एवढी परात, लग्नात कणीक मळायला काढतात ना, तेवढी. तिच्यात पिलावाचा ढीग, वर मटणाचे तुकडे, तळलेला कांदा, एका कडेला कचुंबर. सकाळपासून अख्ख्या घरात तोच वास सुटलेला, मी वर खोलीत पुस्तक उघडून नुसती गिळत बसले होते. परातीभोवती तिघी. बी तिमा, म्हणजे ज्यांच्या घरी मी राहत होते त्या बाई. त्यांची मुलगी मुनिरा, माझ्याच वयाची. आणि शेजारच्या बी रेहेमा, मुनिराची आत्या. तिघींच्या मध्ये चौथीला जागा होती. मला दिसत होती ना!

आणि बी तिमा बोट दाखवत होती खिडकीखालच्या छोट्या टेबलाकडे. तिथे एक काचेचं ताट, कडेला निळी फुलं. माझा पिलाव त्यात आधीच वाढलेला, वरून झाकलेला.

उधर.

मी गेले. काय करणार? बसले स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून, आणि मागे तिघी एका परातीत हात घालून जेवत होत्या, हसत होत्या. पिलाव इतका भारी होता आणि मी अर्धा तसाच झाकून ठेवला.

थांबा, आधी सांगते मी तिथे काय करत होते. मोंबासा, केनियाचं बंदर. तिसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजमधून दोघींना एका सेमिस्टरसाठी पाठवलं होतं, सप्टेंबर ते डिसेंबर, खाडी आणि खारफुटी शिकायला. एक मी आणि एक ऋजुता लिमये. ऋजुताला मिळाल्या एक निवृत्त गोवन शिक्षिका, टेबल-खुर्ची, सूप, चमचे. मला मिळालं जुन्या शहरातलं हे घर. इतक्या अरुंद गल्ल्या की टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, आली की माणसं भिंतीला चिकटतात, आणि दारं अशी कोरीव की मी पहिल्या दिवशी दाराचेच फोटो काढत बसले, घंटी वाजवायची विसरून. मुनिरा मला 'दादा' म्हणायची. स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या भाषेत, दादा म्हणजे बहीण आणि बी म्हणजे बाई. पहिल्यांदा तिनं हाक मारली तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण मुलगा उभा आहे म्हणून. बी तिमाचं हिंदी सगळं जुन्या पिक्चरांतलं. 'अरे बाबा', 'नहीं नहीं', 'चलो', 'क्या बात है', बस. बाकीचं मुनिरा इंग्रजीतून सांगायची.

आणि मला ते घर आवडलं होतं, खरंच. चिपळूणची मुलगी मी. नारळाच्या दुधातल्या तुरी खाल्ल्या ना पहिल्या सकाळी, मला वाटलं आईच उठून आली की काय इथे.

पहिल्या आठवड्यात काहीच कळलं नव्हतं. दुपारी मी कॉलेजात, आणि रात्री ज्याला जेव्हा भूक लागेल त्यानं स्वयंपाकघरात जाऊन घ्यायचं. शुक्रवारी मात्र मला तास नसायचे आणि दुपारी घरात परात मांडायचे; त्या पहिल्या शुक्रवारनंतर मी बघायला लागले. आणि एकदा बघायला लागलं की दिसतंच ना!

ताट माझंच होतं. कायम तेच, निळ्या फुलांचं. कपही वेगळा, त्याच फुलांचा. घरातली भांडी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर, आणि माझं ताट-कप धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसून, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीत. एकटंच. वर जाळी.

आता तुम्हाला सांगते. चौथीत असताना मी गावात एका मैत्रिणीकडे पाणी मागितलं होतं. खेळून आलो होतो, घाम आलेला. तिच्या आईनं दिलं, प्रेमानं दिलं हां, वर खोबऱ्याची वडी पण दिली. आणि पिऊन झाल्यावर म्हणाली, "बाळ, पेला विसळ आणि तिथे पायरीवर पालथा घाल." मैत्रिणीचा पेला आत गेला. माझा पायरीवर. मी घरी येऊन आईला विचारलं, असं का? आई भाजी निवडत होती. म्हणाली, "पुन्हा तहान लागली तर घरी यायचं." संपलं. आमच्या घरात या विषयावर एवढंच बोलणं झालंय आजवर.

माझं नाव संघमित्रा. आपल्याकडे नाव सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही, कळतंच. पण मोंबासात? तिथे कुणाला काय कळणार? मी हेच म्हणत होते स्वतःला, रोज. या बाईला संघमित्रा काय, देशपांडे काय, सगळं सारखंच. मग खिडकीत ताट का?

कुणीतरी सांगितल्याशिवाय?

आणि सांगणारं त्या शहरात होतंच कोण? एकच.

हसू नका, तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं. त्याच आठवड्यात मी कॉलेजातून लवकर आले तर स्वयंपाकघरात ऋजुता. बी तिमा तिच्या अगदी जवळ उभी, हळू आवाजात काहीतरी विचारतेय, मुनिरा मध्ये भाषांतर करतेय, ऋजुता मान हलवतेय. मी दारात दिसले आणि तिघी गप्प. एकदम!

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही गं," ऋजुता म्हणाली, "मसाल्याचं विचारत होते."

मसाल्याचं! ही ऋजुता साधा चहा जाळते.

मग मी परीक्षाच घ्यायला लागले. संध्याकाळी माझा कप धुतला आणि मुद्दाम आतल्या मांडणीवर, त्यांच्या कपांच्या मध्ये ठेवला. सकाळी बघते तर परत खिडकीत. दुसऱ्या दिवशी मुनिराबरोबर समुद्रावर गेले होते, तिखट-मीठ लावलेली कैरी घेतली, अर्धी खाल्ली आणि उरलेली तिच्यासमोर धरली. उष्टी. श्वास रोखून बघत होते. तिनं बोलता बोलता चावा घेतला, वर "आंबट आहे" म्हणून तोंड वाकडं केलं.

झालं, माझा संशय जायला हवा होता ना? उलट वाढला. कारण हे तर मला पाठ होतं! आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एका बशीतून सगळे खातात. बाहेर सगळं चालतं. घरी आई असते.

म्हणजे मुनिरा नव्या विचारांची, आणि बी तिमा आई. बसलं गणित.

पुढच्या रविवारी मी ऋजुताला गाठलंच. समुद्राकाठी संध्याकाळी सगळं शहर लोटतं, गाड्या लावून लोक कसाव्याच्या कंदाचे वेफर्स खातात, पोरं पळतात. आम्ही कठड्यावर बसलो होतो. ती खारफुटीच्या प्रोजेक्टबद्दल काहीतरी बोलत होती, मी मध्येच तोडलं.

"तू बी तिमाला काय सांगितलंस?"

"कधी?"

"स्वयंपाकघरात. मसाल्याचं सोडून."

ती गोंधळली. "त्या विचारत होत्या, तू घरी काय खातेस, तुला काही चालत नाही का, तू रागावलीयेस का. मी म्हटलं, तिलाच विचारा."

"माझी जात सांगितलीस?"

तिच्या हातातला वेफर तसाच राहिला. "काय?"

"ताट वेगळं आहे माझं, ऋजुता. कप वेगळा. धुऊन खिडकीत ठेवतात. त्या तिघी एका परातीत जेवतात आणि मी भिंतीकडे तोंड करून."

"मी नाही सांगितलं. शप्पथ. मला तर तुझी..." आणि ती थांबली.

"तुला माझी काय? माहीत नव्हती?"

तिनं वेफर पुडीत परत ठेवला. मग म्हणाली, "माहीत होती. नावावरून. पण सांगितली नाही."

हे तिनं खरं सांगितलं, आणि मला ते कळलं. "मला नव्हती माहीत" म्हणाली असती ना, तर मी उठूनच गेले असते.

"मग ताट?" मी म्हटलं.

"विचार ना त्यांना सरळ."

"असं विचारतात का कुणी?"

"का नाही विचारायचं?"

आता हिला काय सांगू? विचारलं तर उत्तर मिळतं म्हणून. आत्तापर्यंत निदान संशय होता. आणि समजा बाई हो म्हणाली, तर मी कुठे जाऊ? समुद्र ओलांडून आले होते मी. आई एसटी स्टँडवर सगळ्यांना सांगत होती, पोरगी आफ्रिकेला चाललीय, अनोळखी बायकांना सांगत होती! इथेही तीच पायरी निघाली असती तर घरी जाऊन काय सांगणार होते?

त्यापेक्षा निघून जायचं. मी दुसऱ्याच दिवशी आमच्या तिथल्या सरांना भेटले. मला हॉस्टेलमध्ये जागा हवीय म्हटलं. का? अभ्यासाला बरं पडेल. ते म्हणाले ठीक आहे, शनिवारी या सामान घेऊन. इतकं सोपं. घरी मी काही बोलले नाही, म्हटलं शुक्रवारी रात्री सांगू, शनिवारी सकाळी निघू, डोळ्यांत बघायची वेळच येऊ द्यायची नाही.

पण सरांनी शिष्टाचार म्हणून बी तिमाला फोन केला. शुक्रवारी, ऐन जेवणाच्या आधी.

मी खोलीत बॅग भरत होते. जिन्यावर पावलं वाजली, थाड थाड, आणि दारात बी तिमा. हातात पिलाव ढवळायचा लांब दांड्याचा चमचा, तसाच. मागे मुनिरा, धापा टाकत.

बी तिमा एका दमात काय काय बोलली. मला त्यातलं फक्त 'हॉस्टेल' कळलं.

"आई विचारतेय, हे खरं आहे का," मुनिरा म्हणाली.

"एवढंच विचारलं?"

"बाकीचं मी सांगणार नाही."

"खरं आहे," मी म्हटलं. "अभ्यासासाठी."

मुनिरानं सांगितलं. बी तिमा हसली, पण कशी, नाकानं. चमचा माझ्या बॅगेकडे रोखून काहीतरी पुटपुटली आणि वळली.

"काय म्हणाली?"

"काही नाही, दादा."

"मुनिरा, काय म्हणाली?"

"म्हणाली, जाऊ दे. हे लोक सगळे सारखेच."

हे लोक!

माझं डोकं जे काही सरकलं ना. इतके दिवस तोंड शिवून बसलेली मी, जिन्यापर्यंत धावत गेले, आडवी उभी राहिले तिच्यासमोर. "कोण लोक? विचार तिला, मुनिरा. कोण लोक? कुणी सांगितलं तिला आम्ही कोण लोक ते?"

मुनिरा घाबरलीच. तिनं भाषांतर केलं, कसंबसं. बी तिमा पण आता पेटली. "कुणी सांगायला कशाला पाहिजे? मला डोळे नाहीत? तुझ्या आधीची होती ना, तिनं दाखवलं ना मला!"

"आधीची कोण?"

आणि मग दोघी एकदम बोलायला लागल्या, मुनिरा इंग्रजीत, आई स्वाहिलीत, आई चमचा हलवतेय, माझ्या कुर्त्यावर तूप उडतंय. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती. इंडियातूनच. फार गोड. पहिल्या शुक्रवारी परात मांडली, सगळ्या बसल्या, ही पण बसली. बी तिमानं हातानं चांगला तुकडा सोडवून तिच्या बाजूला सरकवला. पाहुण्याला असं सरकवायचंच असतं, यजमानीण आपल्या हातानं देते, तो मान. ती मुलगी त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग उठली. मोरीवर गेली आणि साबणानं हात धुतला. एक घासही न खाता हात धुतला! आणि नंतर मुनिराला बाजूला घेऊन सांगितलं, मला असं सगळ्यांच्या हाताचं चालत नाही, मला वेगळं ताट दे, नवीन, कुणी न वापरलेलं, आणि ते तुमच्या भांड्यांत ठेवू नकोस.

"आई तीन महिने तिचं ताट तसं ठेवत होती," मुनिरा म्हणाली. "ती गेल्यावर आत्या म्हणाली, पुन्हा कुणाला ठेवू नकोस घरात. आई म्हणाली, ठेवीन. पण पुढची आली ना, की तिनं तोंड उघडायच्या आत मीच ताट वेगळं मांडीन. माझ्या परातीवरून पुन्हा कुणी उठून जाता कामा नये."

मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी. बी तिमा माझ्याकडे बघत होती. जोरजोरात श्वास घेत होती.

"नवीन आणलं मी," ती मुनिराकडून म्हणाली. "तुझं. काचेचं. तुम्हाला आमचं चालत नाही म्हणून. तेही पुरलं नाही तुला?"

मला हसावं की रडावं कळेना. "मुनिरा," मी म्हटलं, "तिला विचार, आमच्याकडे वेगळं ताट कुणाला देतात माहितीये का?"

"पाहुण्याला?" बी तिमा म्हणाली.

"नाही."

मग मी सांगितलं. जिन्यावर उभं राहून, मोडक्या इंग्रजीत. ऋजुतालाही जे धड सांगितलं नव्हतं ते. पायरीवरचा पेला सांगितला. की आपल्याकडे काही घरं असतात, त्या घरात जन्मलं की हाताचं चालत नाही. धुतलेल्या हाताचंसुद्धा. आणि मी त्या घरातली. आणि इथे माझं ताट खिडकीत दिसलं तेव्हा मला वाटलं, तुम्हाला कळलं.

मुनिरा सांगत गेली. मध्ये एकदा अडली, योग्य शब्द शोधत, मग सापडला असावा. बी तिमा ऐकत होती. सगळं संपलं. चमचा तिनं मुनिराच्या हातात दिला, माझा उजवा हात धरला, उताणा केला, आणि बघायला लागली. खरंच बघायला लागली, डॉक्टर बघतो तसं. बोटं, तळवा. उलटा करून नखं.

"क्या है इसमें?" तिनं मला विचारलं. थेट, तिच्या त्या पिक्चरमधल्या हिंदीत.

"कुछ नहीं."

"कुछ नहीं," ती म्हणाली. मग तिनं स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी धरला, मसाल्यानं पिवळा झालेला. आणि मुनिराकडे बघून हळूच काहीतरी विचारलं.

मुनिरानं चमचा या हातातून त्या हातात घेतला.

"काय म्हणतेय?"

"विचारतेय, मग गेल्या वर्षीच्या त्या मुलीला माझ्या हातात काय दिसलं होतं?"

तेवढ्यात खालून बी रेहेमा ओरडल्या, जेवायचं आहे की नाही आज कुणाला, का मी एकटीच बसू? बी तिमानं माझा हात सोडला नव्हता. "चलो," म्हणाली. तसाच धरून जिना उतरवला, लहान पोराला शाळेत नेतात तसा.

परात मांडलेली होती. बी रेहेमांनी आमच्याकडे तिघींकडे बघितलं, माझे डोळे बघितले आणि गुडघा जरा आत ओढला. मी बसले. बी तिमानं मटणाचा एक तुकडा हाडापासून सोडवला, बोटांनी, सावकाश, आणि माझ्यासमोर सरकवला. आणि हात मागे घेतलाच नाही. तिथेच परातीच्या काठावर ठेवून बसली, माझ्याकडे बघत. अहो, त्या बाईला भीती वाटत होती! मला दिसत होतं. परत कुणीतरी उठतंय का म्हणून.

मी तो तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. गरम होता, जीभ भाजली, तरी गिळला. आणि मग ना, मला थांबताच येईना. दोन आठवड्यांची भूक होती ती. नुसती हाणत होते. भात, कांदा, कचुंबर, समोरचं संपलं, बाजूचं घेतलं, तिकडे एक छान चरबीचा तुकडा दिसत होता तिकडे हात घातला...

फाट! माझ्या मनगटावर चापट. बी रेहेमांची. आणि वर काहीतरी फणफणल्या.

मी तशीच, तोंडात घास, हात अधांतरी. मुनिराकडे बघितलं.

मुनिरा हसून हसून चटईवर आडवी झाली होती. "आत्या म्हणतेय, हा तिचा भाग आहे. आपापल्या समोरचं खायचं असतं. म्हणतेय, तुझ्या आईनं तुला काही वळण लावलंय की नाही?"

मी हात मागे घेतला. बी तिमा खाली मान घालून जेवत होती. वरही न बघता, घास कालवता कालवता नणंदेला तिनं उत्तर दिलं, आणि ते मला भाषांतराशिवाय कळलं, कारण तेवढी स्वाहिली मला एव्हाना येत होती.

"शिकेल. डिसेंबरपर्यंत इथेच आहे ती."